जिप्सी उचलायची आहे, माउंट कसा बनवू?

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षं जुनी जिप्सी किंग आहे. दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे. तिथे जायचा रस्ता कच्चा, मध्ये एक व्हाळ (ओढा) लागतो. पावसाळ्यात गाडी मधोमध टेकते. पाटे (लीफ स्प्रिंग) अॅक्सलच्या खालून काढून वरच्या बाजूला बसवले की गाडी चार-पाच इंच उचलते, असं एका मित्राने सांगितलं. गावात वेल्डर चांगला आहे. पाट्यांच्या नवीन बैठका बनवायला प्लेट किती जाडीची घेऊ आणि रॉड कुठला वापरू? — एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : प्लेट आणि रॉडकडे येतो. त्याआधी सांगा, 'मधोमध टेकते' म्हणजे नेमकं काय टेकतं? खाली वाकून ओरखडे कुठे आहेत ते बघितलंत का? जिप्सीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. पाटे वर घेतले की चॅसी वर जाते, बॉडी वर जाते, तुम्ही वर जाता; डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा मात्र होता तिथेच राहतो. ओरखडे त्या गोळ्यावर असतील, तर पाच इंच उचलूनही गाडी त्याच जागी टेकेल. गोळा वर न्यायला मोठं टायर हाच मार्ग, आणि तिथेही वाढलेल्या व्यासातला निम्माच भाग पदरात पडतो. २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २३५/७५ आर १५चा ७३४. फरक ६६चा, गोळा उचलला ३३ने. आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६च्या जवळ पळत असेल.

आता न आवडणारी गोष्ट. ही जिप्सी तुम्ही बाजाराला नेता, पाहुण्यांना आणायला नेता, म्हणजे ती रस्त्यावरची गाडी आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच. म्हणून बागेच्या गाडीसाठी मी वेगळा सल्ला देईन. वीस वर्षांचे पाटे भाराने दबून बसलेले असणारच. गाडी सपाट जागी उभी करा आणि पाट्याची कमान दोरी लावून मोजा. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला झुलतं धरणाऱ्या पट्ट्या) टाका. बसलेली उंची परत येते आणि कुणाची परवानगी लागत नाही. राहिला तो चाकोऱ्यांमधला उंचवटा. दोन गडी, दोन फावडी आणि व्हाळात जांभ्याची फरसबंदी. माझ्या धंद्याला हे मारक आहे, पण गाडी उचलण्यापेक्षा रस्ता उतरवणं स्वस्त पडतं.

तरीही समजा, तुम्हाला बंद मैदानातल्या स्पर्धेसाठी, ट्रेलरवरून नेण्याची गाडी करायची आहे. २०१४ साली गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली पहिली फेरी झाली, तेव्हापासून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी विचारणा वाढली आहे. तर ऐका.

पाटे वर घ्यायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. जुनी बैठक अॅक्सलच्या खालच्या अंगाला आहे, नवी वरच्या अंगाला बनवायची. उचल किती होणार? अॅक्सलच्या नळीची जाडी, पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी आणि बैठकीची उंची, यांची बेरीज. चार-पाच इंच येतात ते यातून. मापं काढल्याशिवाय आकडा ठरवू नका.

बैठकीला ६ मिलिमीटरची साधी एमएस प्लेट, आयएस २०६२ ई २५० प्रतीची, पुरते. जास्त जाड घेऊन उपयोग नाही. लक्ष द्यायचं ते घडणीकडे. नळीच्या गोलाईला प्लेटची कड बसली पाहिजे, दोन मिलिमीटरची फट मसाल्याने भरून काढायची नाही. वरचा माथा पाट्याच्या रुंदीइतकाच. पाट्यांचा गठ्ठा एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या डोक्यासाठीचं भोक घट्ट, कारण अॅक्सल पुढे-मागे सरकू न देण्याचं काम ते डोकं करतं. यू-बोल्ट नुसतं दाबून धरतात. यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ओढलेला यू-बोल्ट काढून परत लावू नका.

आता खरी मेख. बैठक नळीवर कुठल्या कोनात बसवायची? तो कोन एकदा वेल्ड झाला की डिफरेन्शियलचं तोंड कुठे बघणार हे कायमचं ठरतं. मागच्या बाजूला, अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (फिरता सांधा) असेल, तर डिफरेन्शियलची फ्लँज आणि ट्रान्सफर केसची (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याची) फ्लँज समांतर हवी. कोनमापक दोन्हीकडे लावा, फरक एक अंशाच्या आत ठेवा. त्यातही डिफरेन्शियलचं तोंड अंशभर खालीच ठेवलेलं बरं, कारण गॅस दाबला की ते वर उचलतं. पाटे वर घेतल्यावर हा पीळ वाढतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि क्रॉस तुटतो. स्पर्धेची गाडी असेल तर अॅक्सलपासून चॅसीपर्यंत पीळ रोखणारा एक दांडा लागतो, पण त्याचं चॅसीकडचं टोक शॅकलवर हवं. तिथे पक्का बोल्ट मारला तर पाटा आणि दांडा एकमेकांशी भांडत बसतात.

पुढच्या अॅक्सलला हाच कोन दुहेरी पेच टाकतो. डिफरेन्शियलचं तोंड शाफ्टच्या सोयीसाठी वर वळवलंत, तर तेवढेच अंश कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल, जो गाडी सरळ ठेवतो) कमी होतो आणि गाडी ५०च्या पुढे रस्ताभर हिंडते. दोन्ही एकत्र मिळवायचं तर नकलचं (चाक ज्यावर वळतं त्या भागाचं) तोंड कापून फिरवावं लागतं, आणि ते घरच्या अंगणातलं काम नाही. माझा कल कॅस्टर जपण्याकडे असतो. पुढचा शाफ्ट एरवी मोकळा असतो. फोर व्हीलमध्ये, कमी वेगात तो थोडा धडधडला तरी चालेल. स्टिअरिंग वळवळलं तर चालत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. चारही बैठका नुसत्या वेल्डच्या टाक्यांवर उभ्या करा, बैठकीला तीन-चार टाके. पाटे, शॅकल, चाकं सगळं बसवून गाडी तिच्या पूर्ण वजनासह जमिनीवर उतरवा. इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली काढून ठेवलेल्या गाडीवर कोन मोजणारे लोक मी पाहिले आहेत. ते मोजमाप कचऱ्यात टाकायच्या लायकीचं. मग एका बाजूचं चाक जॅकने वर ढकला, दुसरं लोंबकळू द्या. आता एकेक बघत चला : ब्रेकचा होज ताणला जातो का, शाफ्टचा स्प्लाइन (सरकता सांधा) बाहेर येऊ बघतो का, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) पाट्याला घासते का, शॉक पूर्ण दबायच्या आधी बंप स्टॉप (वर येणारा अॅक्सल अडवणारा रबरी ठोकळा) टेकतो का. ड्रॅग लिंक हमखास घासते. ती वाकवून, तापवून, मध्ये तुकडा जोडून वाट काढायची नाही. स्टिअरिंगच्या भागाला माझ्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं टोक लागत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

सगळं जमलं की मग वेल्ड. दारात रोज वापरतात तो ६०१३ रॉड गेट आणि ग्रिलला ठीक, इथे ७०१८ हवा, आणि तो कोरडा हवा. कोकणातल्या हवेत उघड्या पाकिटातला ७०१८ म्हणजे ओल धरलेला रॉड. भट्टीत भाजून गरम असतानाच वापरावा लागतो, तशी सोय नसेल तर सीओटू वेल्डिंगवाल्याकडे जा. अॅक्सलचे शाफ्ट आणि ऑइल सील आधी काढून ठेवा. एका बैठकीला इंच-दीड इंच शिवण, मग विरुद्ध बाजूच्या बैठकीला, मग परत पहिलीकडे. एका दमात गोल शिवली तर नळी केळ्यासारखी वाकते. पाणी ओतून थंड करू नका. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्लगही काढा, आणि अर्थची चिमटी कामाच्या अगदी शेजारी लावा. चिमटी बंपरला लावून मागे वेल्ड केलं तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात.

एक हिशोब जाता जाता. चाकांमधलं अंतर १,३०० मिलिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर धरा. कागदावर ती ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटरने वर गेला की हाच कोन ४१ होतो. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर वाकतं, गाडी हलत असते, त्यामुळे दोन्ही आकडे बरेच खाली येतात.

प्रश्न : माझी थार जुन्या मॉडेलची, मागे पाटेवाली. आधीच्या मालकाने ती उचलून घेतली होती. मागच्या शॉकचा चॅसीवरचा माउंट दोन वर्षांपूर्वी फाटला. एका फॅब्रिकेटरने वर १० मिलिमीटरची प्लेट मारून दिली. आता प्लेट शाबूत आहे, पण तिच्या कडेला चॅसीलाच चीर गेली आहे. आता १२ची मारू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नको हो. पातळ चॅसीवर जाड प्लेट म्हणजे विरलेल्या सदऱ्याला कॅनव्हासचं ठिगळ. ठिगळ टिकतं आणि सदरा त्याच्या शिवणीलगत फाटतो. तुमच्या पत्रातच उत्तर आहे : प्लेट शाबूत, चीर कडेला. जाड प्लेट वाकत नाही, पातळ चॅसी वाकते, आणि ते सगळं वाकणं वेल्डच्या कडेच्या बारीकशा पट्टीत येऊन साठतं. वेल्डच्या तापाने तिथला पोलाद आधीच बदललेला असतो. प्रत्येक खड्ड्याला तिथे थोडं ताणलं जातं, आणि एक दिवस चीर दिसते.

आधी चीर थांबवा. तिच्या दोन्ही टोकांपलीकडे, जिथे डोळ्यांना ती संपलेली दिसते त्याच्याही थोडं पुढे, चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा. टोक नक्की कुठे आहे ते बघायला डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, लाल आणि पांढरा. फाउंड्रीच्या गावात कुठेही मिळतील, तुमच्याकडे भोसरीत मिळावेत. मग चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडा, भरा, चॅसीच्या पातळीला घासून काढा. १०ची प्लेट पूर्ण काढायची. कटिंग व्हीलने शिवण कापताना चॅसीत चर जाणार नाही इतका सावध माणूस त्या कामाला बसवा.

त्यावर बसवायची प्लेट चॅसीच्या जाडीच्या आसपासची. चॅसीची जाडी अंदाजाने नको, एखाद्या मूळ भोकात व्हर्नियर घालून मोजा. ती प्लेट चौकोनी कापू नका, पतंगाच्या आकाराची कापा, म्हणजे चॅसीला काटकोनात उभी शिवण कुठेच येत नाही आणि जोर हळूहळू पसरतो. कोपरे गोल. मधे आठ-दहा मिलिमीटरची चार भोकं पाडून ती भरून टाका, म्हणजे प्लेट नुसती कडांवर लोंबत नाही. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर वेल्ड आणायचा नाही; चॅसी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. शॉक अडकवायचा कान या पतंगावर बसेल, चॅसीवर नाही. तो दुहेरी करा, दोन गालांचा, मधे शॉकचा बुश. एका गालावर लोंबणारा बोल्ट वाकतो. दोन गालांत धरलेला बोल्ट दोन ठिकाणी कापला जावा लागतो, आणि तोही न वाकता. बोल्ट १०.९ प्रतीचा, आणि गालाच्या भोकात त्याचे आटे येता कामा नयेत, गुळगुळीत दांडा यायला हवा.

पण माउंट दोनदा का फाटला, हे शोधल्याशिवाय यातलं काहीही करू नका. माझा संशय असा : गाडी उचलली, शॉक लांब टाकला, आणि बंप स्टॉप मूळचाच ठेवला. खड्ड्यात मागचा अॅक्सल वर येतो तेव्हा आधी शॉक पूर्ण मिटतो आणि तोच बंप स्टॉपचं काम करतो. अख्ख्या गाडीचा दणका एका कानावर. तपासायला सोपं आहे. शॉक एका टोकाला सोडा, अॅक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घ्या आणि दोन माउंटमधलं अंतर मोजा. ते शॉकच्या मिटलेल्या लांबीपेक्षा किमान बोटभर जास्त हवं. कमी असेल तर बंप स्टॉप खाली आणा किंवा माउंट वर न्या.

माउंट हलवणार असाल, तर शॉकचा कलही बघा. जागा मिळत नाही म्हणून शॉक आडवा पाडायची फॅशन आहे. उभ्यापासून ३० अंश कलला की त्याचा दाब पाऊणपट उरतो, ४५ला निम्मा. आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, महागाचे शॉक घेतले तरी गाडी डुलते!

शेवटचं, आणि हे पुण्यातही कुणी करत नाही : रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. जॅकवर लोंबकळत्या अॅक्सलला आवळले, की गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. नवे बुश चार महिन्यांत गेले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

प्रश्न : मस्कतला असतो. लँड क्रूझर ७९ पिकअप आहे. दोन इंच उचलल्यावर स्टिअरिंग हलकं आणि भिरभिरं झालं, गाडी सरळ जाताना स्टिअरिंग थोडं तिरकं राहतं. पुढच्या आर्मचे ब्रॅकेट खाली आणणारे माउंट बनवून घ्यावेत का? — एक वाचक

उत्तर : तुमच्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब आर्म आहेत. गाडी उचलली की ते आर्म खाली झुकतात आणि अॅक्सल स्वतःभोवती फिरून कॅस्टर कमी होतो, भिरभिरणं त्याचं. दोन इंचांसाठी ब्रॅकेट बनवायला जाऊ नका. मध्य सरकवलेले बुश तयार मिळतात, ते दाबून बसवले की भागतं. ब्रॅकेट खाली आणले तर नेमके तेच दगडाला पहिले लागतात. तिरकं स्टिअरिंग हा वेगळा विषय आहे. उचलल्यावर ड्रॅग लिंकचा कल वाढला; ती अॅडजस्ट करून स्टिअरिंग मधे आणा. पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्यामुळे) अॅक्सलही काही मिलिमीटर एका अंगाला सरकला असेल, तो लांबी बदलता येणाऱ्या रॉडने मधे येतो. कुणी पॅनहार्डचं एक टोक खाली आणायचा माउंट सुचवला, तर त्याला विचारा, ड्रॅग लिंकचं काय करणार? त्या दोघी समांतर राहिल्या नाहीत तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळेल.

प्रश्न : सर, मी इचलकरंजीला आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली. मला गाड्यांचं फॅब्रिकेशन शिकायचंय. वर्कशॉपवाले म्हणतात, मुलींना ग्रिलचं काम देऊ. सुरुवात कशी करू? — एक वाचक

उत्तर : पोरी, ग्रिलचं काम मिळालं तर घे, पण तिथे थांबू नकोस. ग्रिलवर हात स्थिर होतो, एवढाच त्याचा उपयोग.

सुट्टीच्या दिवशी भंगारातून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या आण. दोन पट्ट्या टी आकारात, एकाच बाजूने शिव. मग व्हाइसमध्ये धर आणि उभी पट्टी शिवणीवर हातोड्याने आडवी पाड. शिवण मुळापासून स्वच्छ सोलून निघाली, तर वरून कितीही देखणी असू दे, ती धरलीच नव्हती. पट्टी वाकली आणि शिवण राहिली, तर पुढे जा. दुसरा तुकडा शिवणीवर आडवा काप, घासून गुळगुळीत कर. मूळ कोपऱ्यापर्यंत मसाला पोचलाय का ते डोळ्यांनी दिसतं. उभ्या आणि डोक्यावरच्या स्थितीत हे जमेपर्यंत करत राहा, कारण गाडीखाली झोपल्यावर शिवण सपाट कधीच मिळत नाही.

आणि गुण्या, ओळंबा, कोनमापक वापरायला शीक. वेल्डर पुष्कळ आहेत. चॅसीच्या दोन्ही बाजूंचे माउंट एका मिलिमीटरच्या आत सारखे बसवणारे कमी आहेत, आणि कर्ण मोजून मग टाका मारणारे त्याहून कमी. तुझे कापलेले नमुने, आडव्या कापाचे, एका डब्यात भरून उद्यमनगरात घेऊन ये. सोमवार सोडून ये, सोमवारी आमच्याकडे लाइट नसते.